शेवटच्या रांगेची पोच

थोरल्या नाट्यगृहात माइक नव्हता. बिघडला होता किंवा आणायचा राहिला होता असं नाही. पहिल्यापासून नव्हताच, आणि त्या शहराला याचा भलताच अभिमान होता. बाहेरगावचा पाहुणा आला की पूल आणि घड्याळाचा मनोरा दाखवायच्या आधी त्याला हे ऐकवलं जाई. "आमच्याकडे स्टेजवर बाईने नुसता सुस्कारा टाकला ना, तरी तो माळ्यावर ऐकू येतो." पाहुणा हसायचा. मग त्याला संध्याकाळी माळ्याचं तिकीट काढून बसवायचे आणि पडदा पडल्यावर त्याचा चेहरा बघायचे.

माळा म्हणजे सगळ्यात वरची गॅलरी. सत्त्याऐंशी पायऱ्या चढून धापा टाकत पोहोचायचं, आणि समोर काय, तर नटांची डोकी आणि टीचभर चेहरा. तिथे येणारी माणसं साधी. शिंपी, नर्स, बसचे कंडक्टर, छापखान्यात खिळे जुळवणारे, घरी भांडून आलेल्या बायका. खालच्यांना नाटक दिसायचं, माळ्यावरच्यांना ते ऐकू यायचं. आणि ऐकायचं असेल तर तोंड मिटून बसावं लागतं, ही गोष्ट त्या शहरातली निम्मी माणसं शाळेत नाही, माळ्यावर शिकली होती.

ही ख्याती काही आपोआप टिकली नव्हती. तिच्यासाठी एक माणूस नेमलेला होता. सगळे त्यांना कानकाका म्हणत. कागदोपत्री ते माळ्याचे डोअरकीपर. तिकिटं फाडायची, बॅटरी मारून खुर्ची दाखवायची, खोकणाऱ्याकडे डोळे वटारायचे. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. ते पोच द्यायचे.

पोचेची पद्धत अशी. नवं नाटक आलं की पहिल्या प्रयोगाच्या आधी एका सकाळी सगळं थिएटर रिकामं करायचं आणि दारं लावून घ्यायची. आत दोनच माणसं. स्टेजच्या कडेला एक नट, आणि माळ्यावर शेवटच्या रांगेत, भिंतीवरच्या दिव्याखाली, कानकाका. नटाने रोजच्या आवाजात काहीतरी बोलायचं. नाटकातलं वाक्य नाही, कारण पाठ असलेलं वाक्य कान आपलं आपणच पुरं करतो. त्या क्षणी मनात येईल ते बोलायचं. शब्द न् शब्द कळला तर कानकाकांनी उजवा हात वर करायचा. ही पोच. ती मिळाली की नाटक लागलं. नाही मिळाली तर नट कितीही मोठा असो, त्याने मुकाट्याने पुन्हा बोलायचं.

एकदा एक नावाजलेले नट आले होते. तीनदा बोलले, तिन्ही वेळा हात खाली. चौथ्यांदा ते वैतागून स्वतःशीच म्हणाले, "हा म्हातारा झोपला वाटतं वर." हात ताबडतोब वर गेला. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा चहाबरोबर सांगितला जाई, आणि सांगणारा प्रत्येक जण आपण स्वतः तिथे हजर होतो असं म्हणे.

आधीच्या डोअरकीपरच्या काळात हात वर केल्यावर खाली येऊन ते वाक्य परत म्हणून दाखवावं लागायचं. कानकाकांनीही पहिली दहा वर्षं म्हणून दाखवलं. एकदाही चुकले नाहीत. मग विचारणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं आणि ते विचारणं बंद पडलं. हात वर गेला, विषय संपला. माणसावर इतका विश्वास बसला की त्याला तपासणं उद्धटपणाचं वाटू लागलं. त्यात कुणाचाच दोष नव्हता.

आणि बाई होत्या. नाट्यगृहाच्या स्वतःच्या मंडळीतल्या मुख्य नटी, त्यांना सगळं शहर नुसतं बाई म्हणे. कानकाकांनी पहिली पोच दिली ती बाईंनाच, आणि बाईंनी आयुष्यातली पहिली पोच घेतली तीही त्याच सकाळी. तेव्हा बाई विशीतल्या होत्या. स्टेजच्या कडेला येऊन म्हणाल्या होत्या, "वर कोण बसलंय देव जाणे, पण मला सपाटून भूक लागलीय." त्यानंतर एक्केचाळीस वर्षं बाईंची पोच म्हणजे कानकाकांना पाठवलेला निरोपच असायचा. "बायकोचा ताप उतरला का?" "शर्टाचं वरचं बटण तुटलंय तुझं, लाजिरवाणं दिसतंय." एरवी दोघांचं फारसं बोलणं नसे. त्या खाली, हे वर. पण कानकाका घरी येऊन ते वाक्य बायकोला सांगत, आणि बायको म्हणे, "तिला एवढ्या लांबून बटण दिसतं आणि मला जवळून दिसत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मग एका वर्षी थिएटरचं काम काढायचं ठरलं. नवे मॅनेजर तरुण होते आणि मनाचे चांगले होते; वाईट माणसाने हे केलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. जुन्या लाकडी खुर्च्या दोन तासांत पाठ धरायच्या. उन्हाळ्यात माळ्यावर घामाच्या धारा लागायच्या. लोकांनी यावं असं वाटत असेल तर लोकांना नीट बसता आलं पाहिजे, हे मॅनेजरचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हती. गाद्यांच्या खुर्च्या येणार होत्या, जमिनीला गालिचा, आणि जुनं लाकडी छत उतरवून त्या जागी थंड हवेच्या नळ्या झाकणारं पांढरं छत.

कारभारी मंडळातले दोन जुने सभासद छतावरून अडून बसले. छत गेलं की आवाज जाईल, म्हणाले. तीन बैठका झाल्या, एकीत कप फुटला. अखेर तोडगा निघाला. छताच्या प्रत्येक फळीवर खडूने नंबर घालून सगळ्या फळ्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली रचून ठेवायच्या. काम पुरं झालं की बाईंनी स्टेजवरून बोलायचं आणि कानकाकांनी पोच द्यायची. पोच मिळाली तर फळ्या जातील. नाही मिळाली तर नवं छत उतरवून जुनं जसंच्या तसं चढवायचं. कंत्राटदाराने कुरकुरत का होईना, सही केली.

थिएटरचं सगळं भवितव्य असं एका माणसाच्या कानांवर येऊन ठेपलं. आणि नेमकं त्याच वर्षी त्या माणसाची खात्री पटत चालली होती, की आपले कान गेले.

सुरुवात दारावरच्या घंटीने झाली. त्यांची लेक दवाखान्यात नर्स होती. पाळी संपवून सकाळी घरी आली, तर पंधरा मिनिटं दाराबाहेर ताटकळली. आत कानकाका पेपर वाचत बसले होते.

"बाबा, पाच वेळा वाजवली!"

"वाजली नसेल," कानकाका म्हणाले. "बटण नीट दाबलं नसशील."

मग गजराचं घड्याळ झालं. मग किटलीची शिट्टी. पाणी आटून किटली काळी पडली, धूर झाला, आणि हे दोन हातांवर शब्दकोडं सोडवत होते. बायको धावत आली. "कानात बोळे घातलेत का? बाहेर जगाला ऐकून दाखवता आणि घरात सगळा आनंद!"

ती थट्टाच करत होती. कानकाका मात्र उठून आतल्या खोलीत गेले. त्यांनी दार लावून मनगटावरचं घड्याळ काढलं. पूर्वी हात लांब केला तरी टिकटिक ऐकू यायची. आता कानाला टेकवलं तरी यायची नाही. त्यांनी घड्याळ परत बांधलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. थिएटर नऊ महिने बंद. आपल्या जागेवर बसून कान पारखायचीही सोय नव्हती. डॉक्टरकडे जावं, तर ते कागदावर येणार, आणि कागदावरचं तोंडी व्हायला त्या शहरात दोन दिवस लागत नाहीत. शिंप्याचे डोळे जातात, हमालाची पाठ जाते, पण त्यांना निदान हाक मारायला दुसरं काहीतरी असतं. यांना लोक हाकच कान म्हणून मारत. ते गेल्यावर उरणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे त्यांचं त्यांनाच सुचत नव्हतं.

काम संपलं. पोचेच्या आदल्या दिवशी एक इंजिनिअर आवाज मोजायचं मशीन घेऊन आला. माळ्याच्या पायऱ्यांना पॉलिश चाललं होतं म्हणून त्याने खालीच, सहाव्या रांगेत मशीन मांडलं, टाळ्या वाजवल्या, आकडे बघितले आणि उत्तम म्हणून लिहून दिलं. मॅनेजरने तो कागद कानकाकांना कौतुकाने दाखवला. "आता तुमचं काम फक्त नावापुरतं, कानकाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळी मंडळी बाहेरच्या दालनात उभी राहिली. मॅनेजर, कंत्राटदार, दोघे जुने सभासद. दारं लागली. कानकाका सत्त्याऐंशी पायऱ्या चढून वर गेले आणि आपल्या जागेवर बसले. नवी खुर्ची त्यांना घेऊन खाली रुतली. सगळीकडे कोऱ्या कापडाचा वास होता. त्यांनी सवयीने एकदा खाकरून बघितलं. खाकरणं जिथल्या तिथे विरून गेलं.

बाई स्टेजवर आल्या. कडेपर्यंत येऊन थांबल्या आणि बोलू लागल्या.

शेजारच्या घरात कुणी बोलत असावं, तसं काहीतरी वर आलं. आवाज होता, शब्द नव्हते. कानकाका पुढे झुकले. श्वास धरला. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, नेहमीपेक्षा बराच वेळ हलत होते, मध्ये एकदा त्यांनी हात छातीशी नेला. एकही शब्द कळला नाही. मग बाई थांबल्या आणि दिव्याच्या दिशेने वर बघत उभ्या राहिल्या.

झालं, कानकाकांच्या मनात आलं. संपलं आपलं.

थिएटरबद्दल त्यांच्या मनात शंका आलीच नाही असं नाही. आली. पण मशीन म्हणत होतं सगळं उत्तम आहे, आणि घरची घंटी, किटली आणि घड्याळ म्हणत होते तू बहिरा आहेस. मग एका बहिऱ्या म्हाताऱ्यापायी नऊ महिन्यांचं काम उखडून टाकायचं? खाली जाऊन म्हणायचं, की मला ऐकू आलं नाही? त्यावर मॅनेजर किती गोड बोलेल हेही त्यांना दिसत होतं. राहू दे काका, वय झालं, आपण दुसऱ्या कुणाला तरी बसवू. ते गोड बोलणं त्यांना सहन झालं नसतं. आणि सगळ्यात खरं सांगायचं तर, बाई खालून बघत होत्या. एक्केचाळीस वर्षांत बाईंना त्यांनी एकदाही दुसऱ्यांदा बोलायला लावलं नव्हतं.

त्यांनी हात वर केला.

एरवी पोच मिळाली की बाई मान डोलवत आणि वळत. आज त्या हलल्याच नाहीत. बराच वेळ त्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिल्या. मग मान खाली घालून, एका हाताने पडद्याची कड धरत, हळूहळू विंगेत गेल्या. कानकाका खाली उतरले तेव्हा मॅनेजरने त्यांना मिठी मारली, जुन्या सभासदांनी सुटकेचा निःश्वास सोडला, चहा आला. बाई मेकअप रूममधून बाहेर आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. नजरेला नजर द्यावी लागली नाही, म्हणून कानकाकांना बरंच वाटलं.

दुपारी दोन वाजता ट्रक आला. कंत्राटदाराला अंगण मोकळं करायची घाई होती. खडूने नंबर घातलेल्या फळ्या माणसांनी खांद्यावरून नेल्या आणि ट्रकमध्ये आपटल्या. कुठे चालल्या म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, खोकी करणाऱ्याकडे. फळबिळ भरायची खोकी. कानकाका शेवटची फळी जाईपर्यंत अंगणात उभे होते. का उभे होते ते त्यांना सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात पहिला प्रयोग लागला. हाउसफुल्ल. कानकाका माळ्याच्या दाराशी आपल्या स्टुलावर बसले. पडदा वर गेला, बाई आल्या, टाळ्या पडल्या, आणि बाई बोलू लागल्या. पहिली पाच मिनिटं माळा पुढे झुकून ऐकत होता. मग खुर्च्यांत चुळबुळ सुरू झाली. मग खोकला. मग तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आवाज!"

त्या थिएटरात हा शब्द आजवर कुणी ओरडला नव्हता. कानकाका स्टुलावरून उठले. तोवर दुसरा ओरडला, मग तिसरा, चौथा. "आवाज! बाई, आवाज!" खाली बाईंनी आवाज चढवला. घसा ताणून त्या रागाचं वाक्य बोलत होत्या तशाच मायेचंही बोलू लागल्या. मध्यंतरापर्यंत त्यांनी ते रेटलं. मध्यंतरानंतर पडदा वर गेला तो मॅनेजर हात जोडून उभे होते. बाईंची प्रकृती बरी नाही, ते म्हणाले.

शहराने आपला निकाल लावून टाकला. बाईंचा आवाज गेला. वय झालं, कधीतरी व्हायचंच. पेपरांनीही हेच लिहिलं, आदराने लिहिलं, आणि आदराने लिहिलेलं जास्त झोंबतं. कानकाकांनीही तेच खरं धरलं, कारण ते त्यांना सोयीचं होतं. माळ्यालाच ऐकू आलं नाही म्हणजे आपल्या कानांचा प्रश्न नव्हता. बाईंचाच आवाज तेव्हापासून बसला असणार. असा विचार करून त्यांना त्या रात्री झोपही लागली. पुढे त्या झोपेची त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटायची.

बाई परत स्टेजवर चढल्या नाहीत. पण त्यांच्यानंतर दुसरी मंडळी आली, दणदणीत गळ्याची तरुण पोरं, आणि माळ्यावरून तीच हाक आली. तिसरी आली, तिचंही तेच. आताच्या नटांना बोलायला शिकवलंच नाही, असं लोक म्हणू लागले, आणि कानकाकाही. चौथ्या प्रयोगाला मॅनेजरने माइक टांगले. माइक आल्यावर गप्प बसायची गरज उरली नाही. लोक नाटक चालू असताना बोलू लागले. आवाज आपल्या आवाजावरून येतोच आहे म्हटल्यावर कोण थांबणार? आणि माइकच लावायचा तर गावाबाहेर नव्या सभागृहात गाडी लावायलाही जागा होती. एकेक मंडळी तिकडे वळली. वर्ष संपायच्या आत थोरल्या नाट्यगृहात कंपन्यांच्या बैठका आणि फर्निचरची प्रदर्शनं भरायला लागली. माळ्याला कुलूप पडलं. कानकाकांना निरोपाचा हार मिळाला आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

त्याच सुमारास लेक पुन्हा एकदा वीस मिनिटं दाराबाहेर उभी राहिली. तिने ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून आपल्याच दवाखान्यात, कानाच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. आता लपवायचं तरी कुणासाठी, म्हणून तेही गेले.

काचेच्या खोलीत बसवून, डोक्याला यंत्र लावून अर्धा तास तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "बारीक, किनरे आवाज गेलेत तुमचे. घंटी, शिट्टी, घड्याळाची टिकटिक. वयाने जातात, त्यात विशेष नाही."

"आणि माणसाचं बोलणं?" कानकाकांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई उठल्या. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला गेल्या, पाठ फिरवली आणि हळूच काहीतरी बोलल्या. परत येऊन म्हणाल्या, "काय म्हणाले मी?"

"आज डब्यात काय आहे कुणास ठाऊक, असं म्हणालात."

त्या हसल्या. "या वयात माणसाचा आवाज इतका स्वच्छ ऐकणारं कुणी मी पाहिलेलं नाही, आजोबा. काय काम करत होतात?"

कानकाकांनी मान खाली घातली. लेकीला वाटलं, आनंद झाला. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांपुढे ताडपत्री होती आणि तिच्याखालच्या फळ्या. त्या सकाळी त्यांना ऐकू आलं नव्हतं, कारण तिथे ऐकू येण्यासारखं काही पोहोचलंच नव्हतं. नुसता हात मांडीवर ठेवून बसले असते तरी पुरलं असतं. आयुष्यभर जे काम चोख केलं, ते फक्त त्या एका दिवशी करायचं होतं.

"तू जा घरी," ते लेकीला म्हणाले. "मला एकीकडे जायचंय."

बाई धाकट्या बहिणीबरोबर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. बहिणीने दार उघडलं आणि दारातच दबक्या आवाजात सांगितलं, "बसा, पण ती फारसं बोलणार नाही हं. वर्ष झालं, कुजबुजतेच नुसती. घसा जपते." आणि ती आत भांडी घासायला गेली.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. गळ्याभोवती लोकरी पट्टा होता, शेजारी गुळण्या करायचं भांडं. कानकाकांना बघून त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. ते बसले नाहीत. बसलो तर धीर सुटेल, असं त्यांना वाटलं.

"बाई, त्या दिवशी मला तुमचा एक शब्दसुद्धा ऐकू आला नव्हता. मी खोटी पोच दिली."

बाईंचा हात गळ्यावरच्या पट्ट्याकडे गेला.

"मला वाटलं माझे कान गेले. आज तपासून आलो. ते ठीक आहेत, तेव्हाही ठीक होते. थिएटर मुकं झालं होतं. तुमचा आवाज गेलेला नाही, बाई. कधीच गेला नव्हता."

आत नळ वाहत होता. बाईंनी गळ्याचा पट्टा हळूहळू सोडवला आणि मांडीवर ठेवला.

"मग हात का वर केलास?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"लाज वाटली."

"लाज," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसणं बघवेना. "स्टेजवर उभ्या असलेल्या माणसाला आपला आवाज परत येतो, माहीत आहे ना? आपण बोलतो, मग छत बोलतं. एक्केचाळीस वर्षं बोललं. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि काहीच परत आलं नाही. मला वाटलं, मीच बहिरी झाले. म्हाताऱ्या नटीने हे कुणाला सांगायचं? त्या मॅनेजरला? मग म्हटलं, वर कान बसलाय. दारं लावलेली आहेत, दुसरं कुणी ऐकत नाही. त्यालाच विचारावं. तू हात वर केलास, मी समजले. तिकिटं विकली गेली होती, म्हणून तेवढा एक प्रयोग करून घरी बसायचं ठरवलं. पुढे लोक आवाज आवाज म्हणून ओरडले तेव्हा वाटलं, कान गेले तसा घसाही गेला."

"काय विचारलं होतंत?" कानकाका म्हणाले. "बाई, काय म्हणाला होतात तुम्ही?"

बाई खिडकीच्या कठड्याला धरून उठल्या. नीट उभ्या राहिल्या, श्वास घेतला, आणि या खेपेला त्या कुजबुजल्या नाहीत.

"मी म्हटलं, कान, मला माझा आवाज परत येत नाही. माझेच कान गेले असतील तर हात वर कर, मी मुकाट्याने घरी जाईन. पण हे थिएटर गेलं असेल, तर तुला माझी शपथ आहे, हात खाली ठेव."

आतला नळ बंद झाला. बहीण ओल्या हातांनी धावत दारात आली. "अगं, कोण बोललं? तू बोललीस? तूच बोललीस ना?"

कानकाका भिंतीला टेकून खाली बसले होते. वर्षभर उशिरा का होईना, शब्द न् शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.